बकी पेपरचा (नॅनोट्यूबच्या गुंत्याच्या कागदाचा) रेझिस्टन्स चुंबकीय फिल्डमध्ये बदलतो आणि परतीचा ग्राफ वेगळ्या वाटेने येतो. नॅनोट्यूबमधला इलेक्ट्रॉन की आणखी काही?

बेळगाव_पाऊस (धागाकर्ता)

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मल्टीवॉल कार्बन नॅनोट्यूबची (एकात एक भिंती असलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची) पावडर वापरली आहे. बाहेरचा व्यास १० ते २० नॅनोमीटर. सोडियम डोडेसिल सल्फेटच्या १ टक्का द्रावणात सोनिकेट करून नायलॉन मेम्ब्रेनवर गाळली, भरपूर पाण्याने धुतली आणि वाळवली. हा बकी पेपर हॉल इफेक्टच्या इलेक्ट्रोमॅग्नेटच्या दोन पोलांमध्ये लोंबता धरला आहे, कमाल फिल्ड ०.८ टेस्ला. चार टोकांची जोडणी सिल्व्हर पेस्टने, वायरी क्रोकोडाइल क्लिपने पकडल्या आहेत. करंट १० मिलिअँपिअर, रेझिस्टन्स साधारण १२ ओहम, तापमान खोलीचे.

फिल्ड शून्यापासून ०.८ पर्यंत नेऊन परत आणले की रेझिस्टन्स ०.३ टक्क्याने कमी होतो. येताना मात्र तो जुन्या वाटेने येत नाही, लूप तयार होतो. प्रश्न तीन आहेत. हा अहरोनोव्ह-बोह्म परिणाम (नळीच्या पोटातल्या चुंबकीय फ्लक्समुळे इलेक्ट्रॉनच्या लाटेचा फेज बदलून रेझिस्टन्सची दोलने होणे) म्हणता येईल का? लूप म्हणजे स्पिनचा किंवा लोहचुंबकत्वाचा पुरावा धरायचा का? आणि व्हायवाच्या आधी नक्की काय काय तपासून घ्यावे?

---

मार्कंडेय_काठ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते कागदावरच निकालात निघते. अहरोनोव्ह-बोह्म म्हटले की पहिले काम एकच: नळीच्या पोटातून किती फ्लक्स जातो ते काढणे.

तुमच्या सगळ्यात जाड नळीचा व्यास २० नॅनोमीटर, म्हणजे त्रिज्या १० नॅनोमीटर. काटछेदाचे क्षेत्रफळ ३.१४ × १०⁻¹⁶ चौरस मीटर. त्याला ०.८ टेस्लाने गुणले की २.५ × १०⁻¹⁶ वेबर. फ्लक्स क्वांटम म्हणजे एच भागिले ई (प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा भार), ४.१४ × १०⁻¹⁵ वेबर. तुमच्या नळीतून त्याचा जेमतेम ६ टक्के फ्लक्स जातोय, तोही नळी अगदी फिल्डच्या दिशेत असेल तर. बकी पेपरमध्ये नळ्या सुतळीच्या गुंत्यासारख्या वाटेल तशा पडलेल्या असतात. बहुतेकांचा अक्ष फिल्डला तिरका किंवा आडवा असतो आणि अक्षाच्या दिशेने उरणारे फिल्ड आणखी कमी होते.

खरा प्रयोग १९९९ मध्ये बाखटोल्ड आणि सहकाऱ्यांनी केला, एकाच मल्टीवॉल नळीवर, फिल्ड नळीच्या लांबीच्या दिशेत, तापमान हेलियमच्या टप्प्यात. एक पूर्ण दोलन व्हायला फिल्ड ८.९ टेस्लाने बदलावे लागले. त्यावरून त्रिज्या निघाली ८.६ नॅनोमीटर, म्हणजे नळीची बाहेरचीच भिंत करंट वाहून नेते असा अर्थ. ८.९ हा आकडा एच भागिले ई वरून येत नाही, एच भागिले दोन ई वरून येतो. कारण असे: इलेक्ट्रॉनची लाट नळीच्या घेरावरून एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून फिरून त्याच जागी परत येते. दोन्ही वाटा एकमेकींच्या उलट असल्याने एकीला मिळालेला फेज अधिक तर दुसरीला उणे, आणि फरक दुप्पट. सुरुवातीच्या जागेपासून तिथेच परतणाऱ्या वाटांचा हा हिशेब असल्यामुळे नळीतल्या दोषांची मांडणी कशीही असली तरी तो टिकतो.

आता सिंगलवॉल, म्हणजे एकाच भिंतीची नळी घ्या. (१०, १०) नळीचा व्यास १.३६ नॅनोमीटर. तिच्या पोटात पूर्ण एच भागिले ई बसवायला सुमारे २,८५० टेस्ला लागतील. म्हणून सिंगलवॉलमध्ये पूर्ण दोलन बघत नाहीत, बँड गॅपमधला (इलेक्ट्रॉनला मोकळे व्हायला लागणाऱ्या ऊर्जेतला) लहानसा फरक बघतात. तो कसा, ते खाली वेगळे लिहितो.

---

उद्यमबाग_बीड

लोखंडाबद्दल मी लिहितो. आमच्याकडे दिवसभर बिडाच्या कास्टिंगचे ॲनालिसिस चालते, त्यामुळे लोह कुठे लपते ते बरे ठाऊक आहे.

नॅनोट्यूब लोह, कोबाल्ट किंवा निकेलच्या कणांवर वाढवतात आणि तो उत्प्रेरक पावडरीत राहतोच. हिशेब बघा. शुद्ध लोहाचे सॅच्युरेशन मॅग्नेटायझेशन ग्रॅमला २१८ ईएमयू (चुंबकीय मोमेंटचे एकक). पावडरीत वजनाने फक्त १ टक्का लोह असले तरी ग्रॅमला २.२ ईएमयू येतात. खुद्द नॅनोट्यूब प्रतिचुंबकीय असतात आणि त्यांची ससेप्टिबिलिटी (फिल्डला मिळणारा चुंबकीय प्रतिसाद) ग्रॅमला उणे १०⁻⁵ ईएमयूच्या आसपास. १ टेस्लाला, म्हणजे १०,००० अर्स्टेडला, त्यातून येणार उणे ०.१ ईएमयू. १ टक्का लोह हा आकडा वीस पटीने झाकून टाकते. त्यामुळे व्हीएसएमवर (मॅग्नेटायझेशन मोजायच्या यंत्रावर) लूप दिसला की तो लोहाचा धरायचा, कार्बनचा नाही.

पण तुमचा लूप रेझिस्टन्समध्ये आहे, मॅग्नेटायझेशनमध्ये नाही. तिथे लोह वेगळ्या वाटेने घुसते. पेपर लोंबता आहे म्हणता. लोह असलेला पेपर पोलकडे ओढला जातो आणि वाकतो. वाकला की नळ्यांचे एकमेकींवरचे सांधे ताणले किंवा दाबले जातात आणि रेझिस्टन्स बदलतो. फिल्ड काढल्यावर पेपर पूर्ण सरळ होत नाही, लूप तयार. बघायला सोपे आहे: पेपरच्या कडेला टॉर्च तिरका धरा आणि फिल्ड चालू-बंद करताना मागच्या भिंतीवरची सावली बघा. सावली हलली तर पेपर हलतोय.

उपाय: मायक्रोस्कोपच्या काचपट्टीवर पातळ जीई वार्निश लावून पेपर पूर्ण चिकटवा, नुसती टोके नको. पट्टी पोलांच्या बरोबर मधोमध ठेवा. तिथे फिल्डचा उतार जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे ओढही कमी.

आणि क्रोकोडाइल क्लिप! साधी क्लिप पत्र्याची असते, वर निकेलचा मुलामा. तिला फ्रिजवर लावायचे साधे चुंबक लावून बघा की, टकन चिकटेल. ०.८ टेस्लात ती वायर ओढते आणि सिल्व्हर पेस्टचा ठिपका सोलायला लागतो. पोलांजवळ क्लिप नकोच. ०.१ मिलिमीटरची एनॅमल तांब्याची तार, टोकाचा एनॅमल खरवडून पेस्टमध्ये, आणि क्लिप किमान ३० सेंटीमीटर लांब. सोन्याचा मुलामा असलेल्या पोगो पिनही (स्प्रिंगवर दबणाऱ्या कॉन्टॅक्टच्या पिना) चुंबकाने तपासा, सोन्याखाली बहुतेक निकेलचा थर असतो.

---

खानापूर_जांबोटी

वरचे सगळे पटते. पण ०.३ टक्का आकडा बघितला की मला पहिली शंका येते ती तापमानाची.

बकी पेपरचा रेझिस्टन्स तापमान वाढले की कमी होतो, खोलीच्या आसपास साधारण हजारात एक भाग प्रति केल्विन. म्हणजे ०.३ टक्के म्हणजे सुमारे ३ केल्विन. हॉल कीटच्या कॉइलमधून दोन-तीन अँपिअर दहा मिनिटे गेले की कॉइल हाताला गरम लागते आणि पोलांमधली हवाही तापते. फिल्ड वाढवताना वेळ जातो, तापमान चढते, रेझिस्टन्स उतरतो. फिल्ड खाली आणताना कॉइल अजून गरमच असते, म्हणून परतीची वाट वेगळी. एक्स अक्षावर फिल्ड आहे म्हणून लूप फिल्डचा वाटतो, खरा तो घड्याळाचा आहे.

तपासणी अशी:

फिल्ड न लावता तेवढाच वेळ रीडिंग घ्या, पण कॉइल मात्र आधी तापवून ठेवा. त्यानंतर स्वीप सोडून द्या. फिल्ड २० सेकंद बंद, २० सेकंद चालू, २० सेकंद बंद असे करा आणि चालूच्या रीडिंगमधून दोन्ही बाजूंच्या बंद रीडिंगची सरासरी वजा करा. सरळ रेषेत सरकणारा ड्रिफ्ट यातून आपोआप जातो. अशी किमान दहा आवर्तने घ्या. पेपरच्या पाठीला, काचेच्या दुसऱ्या बाजूने, टी-टाइप थर्मोकपल चिकटवा. के-टाइप नको, त्याची एक तार चुंबकीय असते.

पुढे थर्मो-ईएमएफ, म्हणजे तापमानाच्या फरकातून येणारे व्होल्टेज. नॅनोट्यूबचा सीबेक गुणांक हवेत असताना दहा-वीस मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन असतो. तुमच्या १२ ओहमवर १० मिलिअँपिअर म्हणजे १२० मिलिव्होल्ट, त्याचा ०.३ टक्का ३६० मायक्रोव्होल्ट. व्होल्टेजच्या दोन टोकांत १ केल्विनचा फरक पडला तरी २० मायक्रोव्होल्ट फुकट मिळतात. प्रत्येक रीडिंगला करंटची दिशा उलटवा आणि दोन्हींच्या फरकाचे अर्धे घ्या. डीपीडीटी स्विचने (दोन्ही वायरींची एकदम अदलाबदल करणाऱ्या) काम भागते. लॉक-इन (एकाच वारंवारतेचा सिग्नल वेचून मोजणारे यंत्र) असेल तर १७ हर्ट्झच्या आसपास चालवा, ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींपासून लांब. करंट १ मिलिअँपिअरवर आणा.

शेवटचे, फिल्डचीही दिशा उलटवा. मॅग्नेटोरेझिस्टन्स अधिक आणि उणे फिल्डला सारखा हवा. सारखा नसलेला भाग हॉल व्होल्टेजचा, कारण हाताने लावलेले पेस्टचे ठिपके कधीच एका रेषेत नसतात. दोन्ही फिल्डच्या रीडिंगची सरासरी तीच खरी.

---

बेळगाव_पाऊस

फार आभार. क्लिप चुंबकाला चिकटतात, तपासले. कॉइल आधी तापवून फिल्डशिवाय घेतलेला ग्राफही खाली सरकतोय, ०.२ टक्क्यापर्यंत. पेपर काचेवर चिकटवून उद्या परत घेतो.

पण समजा हे सगळे स्वच्छ झाले, तर ०.८ टेस्लाला नॅनोट्यूबमध्ये मुळात काय दिसू शकते? फ्लक्स थोडा असला तरी इलेक्ट्रॉनवर काही परिणाम असेलच ना?

---

मार्कंडेय_काठ

असतो, आणि ती या विषयातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट आहे.

ग्राफीनचा पत्रा गुंडाळला की घेराभोवती इलेक्ट्रॉनच्या लाटेला पूर्ण संख्येत बसावे लागते. पत्रा कसा गुंडाळला ते सांगणाऱ्या (एन, एम) या आकड्यांच्या जोडीत एन वजा एम ला ३ ने भाग गेला तर बसणाऱ्या लाटांपैकी एक नेमकी ग्राफीनच्या डिरॅक बिंदूवरून (जिथे गॅप शून्य असतो) जाते आणि नळी धातूसारखी वागते. नाही गेला तर गॅप उघडतो, साधारण ०.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट भागिले नॅनोमीटरमधला व्यास. १.४ नॅनोमीटरला अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट. (३ ने भाग जाणाऱ्यांतही वक्रतेमुळे थोडा गॅप राहतो, तो पूर्ण शून्य होतो फक्त आर्मचेअर नळीत, जिथे एन आणि एम सारखे.)

आता अक्षाच्या दिशेने फिल्ड लावा. लाटेची बसण्याची अट थोडी सरकते, म्हणून गॅप बदलतो. अजिकी आणि आंडो यांनी हे १९९३ मध्ये गणिताने दाखवले. धातूसारख्या नळीत गॅप उघडतो, सेमिकंडक्टर नळीत तो आक्रसतो. दुसऱ्या भाषेत सांगायचे तर इलेक्ट्रॉन नळीच्या घेरावरून गोल फिरतोय, म्हणून त्याला स्वतःचा चुंबकीय मोमेंट आहे. एक प्रकार घड्याळाच्या दिशेने फिरतो, दुसरा उलट. हा मोमेंट व्यास गुणिले ई गुणिले फर्मी वेग भागिले चार. फर्मी वेग म्हणजे करंट वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनचा वेग, साधारण सेकंदाला ८ लाख मीटर.

२००४ मध्ये मिनो आणि सहकाऱ्यांनी तो एकेका नळीवर मोजला. २.६ नॅनोमीटरच्या नळीत टेस्लाला ०.७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, ५ नॅनोमीटरच्या नळीत १.५. स्पिनचा बोर मॅग्नेटॉन टेस्लाला ०.०५८ आहे, म्हणजे गोल फिरण्याचा मोमेंट स्पिनच्या दहा-वीस पटीहून मोठा.

तुमच्या २० नॅनोमीटरच्या नळीला सूत्राने टेस्लाला ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात, ०.८ टेस्लाला ३.२. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा २६. त्यातच बुडून गेले. शिवाय बकी पेपरचा बहुतेक रेझिस्टन्स नळीत नसतोच, तो एका नळीवरून दुसरीवर उडी मारायच्या जागी असतो. चांगल्या कॉन्टॅक्टच्या एका सिंगलवॉल धातू नळीचा रेझिस्टन्स ६.४५ किलोओहमपेक्षा खाली जाऊ शकत नाही, म्हणजे एच भागिले चार ई-वर्ग. चार यासाठी की दोन स्पिन आणि घेराभोवतीच्या दोन दिशा. पेपरमधल्या सांध्याचा रेझिस्टन्स याच्या कितीतरी पट असतो. लाखो सांधे समांतर आहेत म्हणून मीटरवर १२ ओहम दिसतात.

---

निपाणी_नाका

स्पिनचे काय? कोबाल्टच्या कॉन्टॅक्टवाल्या नॅनोट्यूबमध्ये लूप येतो असे शिकवले होते. तोही चुकीचा का?

---

मार्कंडेय_काठ

तो चुकीचा नाही, पण त्यात लूप यायचे कारण कॉन्टॅक्ट आहेत, नळी नव्हे. १९९९ मध्ये त्सुकागोशी, आल्फेनार आणि आगो यांनी मल्टीवॉल नळीला दोन कोबाल्टचे कॉन्टॅक्ट दिले आणि ४.२ केल्विनला कमाल ९ टक्के फरक बघितला. त्यावरून स्पिन न उलटता इलेक्ट्रॉन सुमारे १३० नॅनोमीटर जातो असा अंदाज काढला. पुढे २००७ मध्ये लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटच्या कॉन्टॅक्टने ६१ टक्के मिळाले, तेही थंड तापमानालाच.

कार्बन यासाठी आवडता, कारण अणू हलका आहे आणि ९९ टक्के कार्बन-१२ च्या केंद्रकाला स्पिनच नाही. तरी २००८ मध्ये कुमेथ आणि सहकाऱ्यांनी ५ नॅनोमीटरच्या नळीत ०.३७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचे स्पिन-ऑर्बिट कपलिंग (स्पिन आणि फिरण्याची दिशा यांचा दुवा) दाखवले, म्हणजे ते अगदी नगण्य नाही.

असा प्रयोग करणाऱ्यांनाही फसवे लूप सतावतात. कोबाल्टचे मॅग्नेटायझेशन उलटले की त्याची फर्मी पातळी (इलेक्ट्रॉनांनी भरलेली वरची ऊर्जा) किंचित सरकते आणि नळी ट्रान्झिस्टरसारखे गेट व्होल्टेज लावल्यासारखी वागते. याला मॅग्नेटो-कुलोम्ब परिणाम म्हणतात. करंट न वाहणाऱ्या भागात व्होल्टेज मोजायची नॉन-लोकल जोडणी त्यासाठीच करतात. तुमच्या पेपरला सिल्व्हरचे कॉन्टॅक्ट आहेत. स्पिन निवडून आत सोडणारे तिथे कोणी नाही, त्यामुळे स्पिनचा लूप यायचे कारणच उरत नाही.

---

चिकोडी_शिवार

थंड करून बघायचे असेल तर लिक्विड नायट्रोजन आपल्या भागात मिळतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात, त्यामुळे जिथे ते काम चालते तिथे भरलेला कंटेनर असतो. विभागाच्या पत्रावर दोन लिटर मिळायला अडचण येऊ नये.

पण पावसाळ्यात जपून. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की उघडा पेपर थंड केला तर त्यावर आधी दव, मग बर्फ, आणि परत गरम होताना पाण्याचा थर. काचपट्टी एक टोक बंद असलेल्या काचेच्या नळीत घाला, तळाला भाजलेले सिलिका जेल, वरचे तोंड वायरीसकट कापसाच्या बोळ्याने सैल बंद. घट्ट बूच कधीही नाही. १ लिटर लिक्विडचे सुमारे ७०० लिटर वायू होतात, म्हणून खोलीच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात. नळी हळूहळू खाली सोडा, मिनिटाला १ सेंटीमीटर, म्हणजे पेस्ट तडकत नाही.

---

खानापूर_जांबोटी

भर घालतो. ७७ केल्विनला मॅग्नेटोरेझिस्टन्सची फार आशा धरू नका, रेझिस्टन्स विरुद्ध तापमान मात्र नक्की घ्या, प्रोजेक्टला तेच वजन देईल. फक्त एक चूक टाळा. लॉग रेझिस्टन्स विरुद्ध तापमानाचा उणे एक चतुर्थांश घात काढला, रेषा सरळ आली, म्हणून मॉटचे व्हेरिएबल रेंज हॉपिंग (इलेक्ट्रॉन कमी-जास्त अंतराच्या उड्या मारत जातो ते मॉडेल) सिद्ध झाले असे लिहू नका. ७७ ते ३०० मध्ये चतुर्थ मूळ फक्त १.४ पट बदलते. तेवढ्या पट्ट्यात उणे एक द्वितीयांश आणि उणे एक तृतीयांशही सरळच दिसतात. तिन्ही काढा, तिन्हींचे रेसिड्युअल शेजारी छापा, आणि घात ठरवता येत नाही हे स्पष्ट लिहा.

---

बेळगाव_पाऊस

काचेवर चिकटवून, तांब्याच्या तारेने, १ मिलिअँपिअरवर, चालू-बंद पद्धतीने दहा आवर्तने घेतली. लूप गेला. ०.८ टेस्लाला उरलेला फरक सरासरीत ०.००६ टक्का, आणि विखुरणी ०.०१ टक्का. म्हणजे शून्यच ना?

आणखी एक. टीजीएमध्ये (तापवताना वजन मोजणाऱ्या यंत्रात) हवेत ८०० अंशापर्यंत जाळल्यावर ४ टक्के राख राहिली. ०.७ ने गुणून लोह २.८ टक्के धरले तर चालेल?

---

खानापूर_जांबोटी

शून्य लिहू नका, मर्यादा लिहा. ०.०१ ही एकेका आवर्तनाची विखुरणी असेल तर दहांच्या सरासरीची अनिश्चितता तिला दहाच्या वर्गमुळाने भागून, म्हणजे ०.००३ टक्के. त्याच्या दुप्पट ०.००६, तुमच्या सरासरीएवढीच. "खोलीच्या तापमानाला ०.८ टेस्लापर्यंत मॅग्नेटोरेझिस्टन्स ०.०१५ टक्क्यापेक्षा कमी" एवढे ठामपणे लिहा. आधीचा लूप आणि आत्ताचा ग्राफ एकाच चौकटीत छापा.

---

उद्यमबाग_बीड

०.७ चा गुणक तेव्हाच खरा, जेव्हा सगळी राख लोहाचा ऑक्साइड असते. बोटीतल्या (नमुना जाळायच्या भांड्यातल्या) राखेचा रंग काय आहे?

---

बेळगाव_पाऊस

फिकट गुलाबी, पांढऱ्याकडे झुकणारी.

---

उद्यमबाग_बीड

मग त्यात ॲल्युमिना किंवा मॅग्नेशिया आहे, उत्प्रेरकाचा आधार म्हणून घातलेला. नुसता लोहाचा ऑक्साइड गडद विटकरी दिसतो. २.८ हा आकडा जास्त आहे, खरे लोह त्याहून कमी असणार.

राख वजन करून ५ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात, फ्यूम हूडखाली, काचेचे झाकण ठेवून मंद उकळा. लोह उतरले की द्रावण पिवळे होते. भाजलेला ॲल्युमिना तळाशी पांढरा राहील. गाळा, ५० मिलिलिटरपर्यंत न्या, दोन थेंब हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे सगळे लोह फेरिक होईल, परत उकळून उरलेले पेरॉक्साइड घालवा. थंड झाल्यावर त्यातले थोडे घेऊन पोटॅशियम थायोसायनेट घाला. रक्तासारखा लाल रंग येतो. फेरिक अलमचे माहीत असलेले पाच नमुने बनवा, सगळ्यांत आम्ल आणि थायोसायनेट सारखेच ठेवा, आणि कलरिमीटरवर ४८० नॅनोमीटरच्या फिल्टरने रेषा काढा.

पावडर आम्लात धुवून लोह काढायचा विचार असेल तर नुसते धुणे पुरत नाही. कणांभोवती कार्बनचे कवच असते, आम्ल आत पोचत नाही. आधी हवेत ३५० ते ४०० अंशाला तासभर भाजा. लोहाच्या लगतचा कार्बन आधी जळतो आणि कवच फुटते, मग हायड्रोक्लोरिक आम्ल. थायोसायनेटचा रंग उजेडात उतरत जातो, म्हणून नमुने आणि प्रमाण द्रावणे एकाच वेळी तयार करून पहिल्या दहा मिनिटांत वाचा.